बावीस दात्यांचा चढ

शेफील्डमधल्या ब्लेक स्ट्रीटच्या फुटपाथला कठडा आहे. जिन्याला असतो तसा, धरून चढायला. एरवी हा रस्ता या भागातल्या कुठल्याही रस्त्यासारखाच: एकाला एक चिकटलेली विटांची घरं, दारासमोर कचऱ्याचे डबे, खिडकीत बसलेलं मांजर. पण मान वर केली की रस्ता भिंतीसारखा समोर उभा राहतो. बर्फ पडलं की म्हातारी माणसं तो कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पाऊल टाकतात.

हे गाव सात टेकड्यांवर वसलंय असं इथले लोक सांगतात. पाच नद्या तर बोटावर मोजून दाखवता येतात: डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन. या नद्यांच्या धावत्या पाण्यानं कित्येक पिढ्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे दगड फिरवले आणि त्यातून पोलादाचं शहर वाढलं. शहराच्या हद्दीतली सगळ्यात खालची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १० मीटरवर, सगळ्यात वरची ५४८ मीटरवर. ज्या उतारानं गावाला पोटाला दिलं, तोच उतार सायकलवाल्याच्या छातीवर बसतो.

६ जुलै २०१४ रोजी टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून निघून इथे संपला. शेवटच्या काही किलोमीटरांत जेन्किन रोडचा चढ ठेवला होता. ८०० मीटर लांब, सरासरी १०.८ टक्के, आणि एका वळणावर ३३ टक्के. त्या दिवशी जिंकलेला व्हिन्चेन्झो निबाली पुढे ती सगळी शर्यतच जिंकला. जगातले सर्वांत तयार पाय त्या वळणावर सायकल डावीउजवीकडे झुलवत, दात ओठ खात वर गेले. आणि त्याच गावात रोज संध्याकाळी दूध, बटाटे आणि लॅपटॉप घेऊन माणसं घरी जातात. मला लिहायचंय ते या दुसऱ्या माणसांबद्दल.

माझं घर वर आहे आणि काम खाली, नदीकाठी. सकाळी ताजीतवानी असताना उतार आणि संध्याकाळी थकल्यावर चढ, असा उलटा हिशोब. मधे शंभर मीटरहून जास्त उंची चढायची, त्यातला शेवटचा तुकडा १२ टक्क्यांचा. बस मिळते, पण मी पुण्याची. आमच्या लहानपणी पुण्यात सायकल हे वाहन नव्हतं, पायच होते. दांड्याखालून पाय घालून शिकलेली सायकल माणूस सहजासहजी सोडत नाही.

इथे मी जुनी सायकल घेतली. पाठ ताठ ठेवून बसायचं हँडल, पूर्ण झाकलेली चेन, मडगार्ड, कॅरिअर, डायनॅमो, आणि मागच्या चाकाच्या हबमध्ये बंदिस्त आठ गिअर. बाहेर लोंबणारं, चिखल खाणारं काहीही नाही. विकणाऱ्यानं सांगितलं की आठ गिअर आहेत, आता कुठलाही चढ येऊ दे. पहिल्याच संध्याकाळी मी अर्ध्या चढावर उतरले आणि सायकल ढकलत घरी आले.

दोन वर्षं ढकलत आले. भेटेल तो सांगायचा, सवय होईल, पाय तयार होतील. मीही स्वतःला तेच सांगत राहिले: वय झालं, व्यायाम नाही, वजन उतरवायला हवं. उजवा गुडघा दुखू लागला तेव्हा तो दोषही मी माझ्याच खात्यावर मांडला. आज या गोष्टीचा मला राग येतो. माणसाच्या, त्यातून बाईच्या अंगावर दोष ढकलायला आपण किती तत्पर असतो! यंत्राकडे पाहायचं कुणाला सुचत नाही.

सुचलं ते एका छोट्या सायकल दुरुस्तीवाल्याला. मी ब्रेकचे रबर बदलायला गेले होते. बोलता बोलता चढाचा विषय निघाला. त्यानं माझ्या वयाबद्दल चौकशी केली नाही की पायांकडे पाहिलं नाही. चेनचं झाकण बाजूला केलं, गुडघ्यावर बसला आणि दाते मोजले. पुढच्या चेनव्हीलला ३८, मागच्या दातेरी चाकाला १८. मग उभा राहून एवढंच म्हणाला की ही सायकल सपाट गावासाठी जुळवलेली आहे.

त्या दोन आकड्यांत माझी दोन वर्षं होती. हिशोब सोपा आहे. ३८ ला १८ नं भागलं की २.११. म्हणजे पॅडल एकदा फिरलं की मागचं दातेरी चाक दोनदा आणि वर थोडं फिरतं. त्यापुढचं काम हबच्या पोटात होतं. शिमानोच्या नेक्सस या आठ गिअरांच्या हबमध्ये पाचवा गिअर थेट, पहिला ०.५२७ आणि आठवा १.६१५. माझ्या चाकाचा घेर टायरसकट सुमारे २.१५ मीटर. सगळ्यांचा गुणाकार केला तर पहिल्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला सायकल २.३९ मीटर पुढे जात होती. सपाटीवर हे काहीच नाही. १२ टक्क्यांच्या चढावर मात्र प्रत्येक फेरीला मी स्वतःला, सायकलला आणि पिशवीला, मिळून ऐंशी किलोंना, एका फुटाला थोडं कमी एवढं उभं उचलत होते.

मागचं दातेरी चाक १८ ऐवजी २२ दात्यांचं बसवलं तर? ३८ भागिले २२ म्हणजे १.७३. पहिल्या गिअरमध्ये एका फेरीला १.९६ मीटर. कागदावर फरक हाताएवढा दिसतो. आता तो पायांच्या भाषेत सांगते. माझं वजन ५६ किलो, सायकल १८, सामान ६. या ओझ्यासाठी त्या चढावर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सरासरी जोर लागतो तो जुन्या जुळणीत सुमारे २२ किलोंचा आणि नव्या जुळणीत १८ किलोंचा. १८ दात्यांना २२ किलो, २२ दात्यांना १८ किलो. आकडे असे जुळले हा योगायोग, पण व्यस्त प्रमाण असंच चालतं. सरासरी हा शब्दही फसवा आहे. पाय तळाला आणि माथ्याला असताना जवळजवळ काहीच काम करत नाही, म्हणजे मधल्या ढकलीला याच्या दुपटीच्या आसपास जोर पडतो. गुडघा दुखतो तो तिथे.

वरच्या बाजूला काय गमावलं? आठव्या गिअरची मजल ७.३ मीटरवरून ६ मीटरवर आली. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी ताशी साडेएकवीस किलोमीटर होतात. शहरात कामाला जाणाऱ्या माणसाला याहून जास्त वेग फक्त उतारावर मिळतो, आणि उतारावर पॅडल मारायला कोण बसलंय?

हबच्या पोटात नक्की काय चालतं हे समजून घ्यायला मी नॉटिंगहॅमला गेले. शेफील्डहून आगगाडीनं तासाभराचं अंतर. फ्रँक बाउडेनचा रॅले कारखाना या गावचा, आणि १९०२ मध्ये तीन गिअरांच्या हबसाठी त्यानंच कंपनी काढली ती स्टर्मी-आर्चर. हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावं हबवर कोरली गेली. तिसरं नाव कोरलं गेलं नाही, ते विल्यम रायलीचं. जुन्या कंपनीशी झालेल्या करारात तो अडकलेला होता, म्हणून त्याच्या तीन गिअरांच्या रचनेचं पेटंट आर्चरच्या नावावर घेतलं गेलं असं सायकलींच्या इतिहासकारांनी पुढे शोधून काढलं. जगभर कोट्यवधी माणसांनी ज्याचं डोकं पायाखाली फिरवलं, त्याचं नाव त्या धातूवर नाही.

कारखान्याच्या जागेवर आता नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली परिसर आहे. तळं, बदकं, काचेच्या इमारती. लेंटन बुलेव्हार्डवरची रॅलेची जुनी कचेरी मात्र उभी आहे, १९३१ ची. तिच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेली गुबगुबीत बाळं सायकली जोडताना दिसतात. मी बराच वेळ तिथे थांबले. माझ्या वडिलांची सायकल आसनसोलच्या सेन-रॅलेची होती. ते ती रविवारी अंगणात उलटी करून पुसायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. तिला गिअर एकच होता. कात्रजचा चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता, कारण सगळेच उतरायचे.

१९३६ साली आलेला स्टर्मी-आर्चरचा ‘एडब्ल्यू’ हा तीन गिअरांचा हब उघडून पाहिला तर आत छोटी सूर्यमालाच असते. अभियंते तिला तेच शब्द वापरतात. मधे, न फिरणाऱ्या आसावर, २० दात्यांचा ‘सूर्य’. त्याभोवती २० दात्यांचे चार ‘ग्रह’, एका पिंजऱ्यात धरलेले. आणि या सगळ्यांना वेढणारं, आतल्या बाजूला ६० दाते असलेलं वलय. चेनचा जोर वलयाला दिला आणि चाक ग्रहांच्या पिंजऱ्याला जोडलं तर चेनच्या चार फेऱ्यांना चाक तीन फेऱ्या फिरतं, हा चढाचा गिअर. उलट, जोर पिंजऱ्याला दिला आणि चाक वलयाला जोडलं तर तीनाला चार, हा पळण्याचा. वलयालाच जोर आणि वलयालाच चाक, हा मधला, थेट. भाग तेच, फक्त जोर कुठून आत येतो आणि कुठून बाहेर पडतो एवढंच बदलतं. मला हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलकट हातांनी बसून मी अक्षरशः टाळी वाजवली.

हबच्या गिअरांत थोडी ताकद घर्षणात जाते, त्यामुळे शर्यतीवाले त्यांना मोजत नाहीत. त्यांना टॉमी गॉडविनची आठवण करून द्यावीशी वाटते. १९३९ या एका वर्षात तो ७५,०६५ मैल सायकलवर फिरला, एक लाख वीस हजार किलोमीटरांहून जास्त. त्यातला मोठा प्रवास रॅलेवर आणि स्टर्मी-आर्चरच्या चार गिअरांच्या हबवर झाला. पावसात, बर्फात, युद्धकाळातल्या अंधारात.

आता प्रत्यक्ष काम. २२ दात्यांचं चाक मला दहा पौंडांच्या आत मिळालं. स्टर्मी-आर्चर आणि शिमानो या दोघांच्याही हबवर तीन खाचांचं चाक बसतं, हा या क्षेत्रातला एक मोठा उपकार आहे. मागचं चाक काढायचं, १५ चा पाना लागतो. नटांखाली रंगीत वॉशर असतात, उजव्याचा वेगळा आणि डाव्याचा वेगळा. आस फ्रेममध्ये फिरू नये म्हणून ते आहेत, त्यांची अदलाबदल चालत नाही. मग गिअरची वायर जिला लागते ती कडी सोडवायची. त्याखाली दातेरी चाकाला धरून ठेवणारी तारेची गोल कडी, सर्कलिप. स्क्रू ड्रायव्हरनं ती उचकटताना वर फडकं धरायचं, नाहीतर डोळ्याकडे उडते. जुनं दातेरी चाक काढलं, नवं बसवलं, कडी पुन्हा खटकन बसली. चार दाते वाढले म्हणून चेन एका इंचानं वाढवावी लागते. माझी चेन झिजलेलीच होती, नवी घातली. शेवटी हँडलवरचा गिअर चौथ्यावर आणायचा आणि हबजवळ खिडकीतून दिसणाऱ्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर येतील अशी वायर जुळवायची.

हे शेवटचं काम मी पहिल्या वेळी घाईत केलं. रेघा केसभर चुकल्या. दुसऱ्या दिवशी भर चढात गिअर सटकला, पॅडल रिकामं खाली गेलं आणि नडगी फुटली. चूक सगळी माझी होती. परत येऊन दिव्याखाली चष्मा लावून रेघा जुळवल्या, त्यानंतर आजवर सटकलेला नाही.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. हब बनवणारे पुढच्या-मागच्या दात्यांच्या गुणोत्तराला खालची मर्यादा घालतात. नेक्सससाठी ती दोनाच्या आसपास आहे आणि मी १.७३ वर आहे. कारण साधं आहे: मागचं दातेरी चाक जितकं मोठं, तितका हबच्या आतल्या दात्यांवर पीळ जास्त. साठ किलोंचा माणूस आडव्या क्रँकवर उभा राहिला तर पॅडलपाशी सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ पडतो. माझ्या जुन्या जुळणीत त्यातला ४७ हबला पोचायचा, नव्या जुळणीत ५८ पोचतो. जर्मनीतली रोहलॉफ ही कंपनी तिच्या चौदा गिअरांच्या हबसाठी ही मर्यादा उघडपणे चालवणाऱ्याच्या वजनावर ठरवते: १०० किलोंपर्यंतच्या माणसाला १.९ पर्यंत उतरायची मुभा, त्यापुढे नाही. हे मला प्रामाणिक वाटतं. एकच आकडा सगळ्यांना लावताना तो सर्वांत दणकट, सर्वांत जड माणसाच्या हिशोबानं लावावा लागतो, आणि मग हलक्या माणसाला आपल्या वाट्याचा सोपा गिअर मिळत नाही. मी ५६ किलोंची आहे, पहिल्या गिअरमध्ये कधीही पॅडलवर उभी राहत नाही आणि हमी केव्हाच संपलेली सायकल चालवते. हा धोका मी समजून घेतला आहे. नव्वद किलोंच्या माणसानं, किंवा मागे मूल बसवणाऱ्यानं, २० दात्यांवर थांबावं असं मी सांगेन. ३८ ला २० म्हणजे १.९.

पैसे असतील तर रोहलॉफ घ्यावा. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधला फरक ५२६ टक्के, नेक्ससचा ३०७. पण नुसता हब हजार पौंडांच्या पुढे जातो. बॅटरीची सायकलही आहेच. इथल्या कायद्यानं तिची मोटर २५० वॅट आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंत. ज्यांना ती हवी त्यांनी जरूर घ्यावी, चढ चढणं ही काही परीक्षा नव्हे. लंडनच्या ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीला तर कारखानाच नेहमीच्या ५० ऐवजी ४४ दात्यांचं चेनव्हील देतो, मागितलं तर. मागावं लागतं हे लोकांना माहीत नसतं, तेवढंच.

आमच्या गल्लीत कोल्हापूरची एक मुलगी राहते, विद्यापीठात संशोधन करते. तिनं कुणाच्या तरी गॅरेजमधून एक जुनी रॅले आणली. हबवर ७१ चा शिक्का, म्हणजे १९७१ चं जन्मवर्ष, आणि पुढच्या चेनव्हीलमध्ये कापून काढलेले बगळे.

“काकू, चढ आला की मी उतरते की हो,” ती म्हणाली. “माझ्यातच दम नाही.”

“तुझ्यात दम आहे. दाते मोजलेस का?”

पुढे ४६, मागे १८. बगळे काढायला ती तयार नव्हती, मीही नव्हते, म्हणून मागे २२ बसवलं. निकाल असा लागला: नवा तिसरा गिअर जवळजवळ जुन्या दुसऱ्याएवढा, नवा दुसरा जवळजवळ जुन्या पहिल्याएवढा, आणि त्याखाली एक नवाकोरा सोपा गिअर, एका फेरीला सव्वातीन मीटरांचा. माझ्या १.९६ पुढे तो अजून जडच आहे. पण ती सव्वीस वर्षांची आहे, त्या मजलेवर गाणं म्हणत जाते. तिच्या हबची वायर जुळवण्याची खूण वेगळी: दुसऱ्या गिअरमध्ये, उजव्या नटाच्या भोकातून पाहिलं की आतल्या सळईचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे. ढिली राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे हब रिकामा फिरतो. आणि महिन्याला हलक्या तेलाचे चार थेंब, हबच्या पाठीवरच्या छोट्या झाकणातून.

बंदिस्त गिअरांचं खरं सुख चढावरच्या सिग्नलला कळतं. बाहेरच्या गिअरांची सायकल उभी असताना गिअर बदलत नाही. जड गिअरमध्ये थांबलात तर जड गिअरमध्येच निघावं लागतं. आम्ही मात्र लाल दिव्याला पाय टेकून निवांत पहिल्यावर येतो. चालत्या चढावर बदलायचा असेल तर पॅडलवरचा जोर क्षणभर सोडायचा, एका श्वासापुरता. ही लय अंगात मुरायला आठवडा लागतो.

चढाबद्दल बोलणारे उताराबद्दल बोलत नाहीत, आणि जीव जातो तो उतारावर. माझी ऐंशी किलोंची गाठोडी शंभर मीटर खाली येते तेव्हा ब्रेकना जी उष्णता पचवावी लागते तिच्यावर एका कपाचं पाणी उकळेल. रोज सकाळी एक कप. माझ्या मागच्या चाकाला हबशेजारी बंद डब्यातला रोलर ब्रेक आहे. पावसात तो उत्तम, पण लांब उतारावर सतत दाबून धरला तर तापतो आणि त्याची पकड मंदावते. म्हणून पुढचा आणि मागचा आळीपाळीनं, दाबून आणि सोडून. पॅडल मागे फिरवून लागणारा ब्रेक सपाट देशांत ठीक आहे. इथे चेन उतरली तर ब्रेकही गेला, तो मी कुणाला घेऊ देत नाही.

कोल्हापूरच्या मुलीचं प्रकरण अजून तिथेच अडलं आहे. तिच्या चाकांच्या रिमा त्या काळच्या सगळ्या साध्या सायकलींसारख्या पोलादी, आणि ओल्या पोलादावर रबर धरत नाही. ॲल्युमिनियमची रिम हवी. पण जुन्या ब्रिटिश सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्या चाकाला ४० असायचे, आणि ४० भोकांची रिम आज दुकानांत सहज मिळत नाही. तीन महिने शोधल्यावर गेल्या आठवड्यात एक सापडली. तोवर पाऊस असला की ती उतारावर सायकल हातात धरून चालत जाते, मीच तशी ताकीद दिली आहे. रिम आता माझ्या जिन्याखाली ठेवली आहे. शनिवारी सकाळी ती येईल, जुने आरे सोडवू, मोजू, आणि चाळीस नव्यांची लांबी ठरवू.